डॉक्टर नव्या सिस्टीमवर का वैतागतात?

"डॉक्टरांना बदल नको असतो, सवयी सुटत नाहीत, इगो आडवा येतो." हॉस्पिटलमधे नवीन सिस्टीम आली आणि चालली नाही की ती बसवणाऱ्यांकडून हे हमखास ऐकायला मिळतं. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते जरा नीट सांगायचंय, कारण ह्या एका गैरसमजापायी चांगल्या सिस्टीम फुकट जातात, वाईट सिस्टीम वर्षानुवर्षं तशाच रेटल्या जातात आणि मधल्यामधे पेशंट भरडला जातो.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते. हेल्थ आयटी म्हणजे ऑपरेशनचा रोबो किंवा एमआरआयचं मशीन नाही. पेशंटची माहिती लिहिणारी, साठवणारी, इकडून तिकडे पाठवणारी आणि त्यावरून डॉक्टरला काहीतरी सुचवणारी सगळी यंत्रणा म्हणजे हेल्थ आयटी. त्यात केसपेपरच्या जागी आलेलं ईएचआर (इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड) येतं, औषधं आणि तपासण्या कॉम्प्युटरवरून लिहायची ऑर्डर एन्ट्री येते, "हे औषध त्या औषधाबरोबर चालत नाही" असं सांगणारे अलर्ट येतात, व्हिडिओवरची तपासणी येते, आणि आता एआय.

डॉक्टर मुळातच टेक्नॉलॉजीला घाबरतात म्हणावं तर एक्स-रेचं काय? राँटगेनला ते किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मधे आणि १८९६ च्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच युरोप-अमेरिकेतले डॉक्टर हाडात घुसलेल्या सुया आणि गोळ्या एक्स-रे काढून शोधत होते. कोणाला ट्रेनिंग नव्हतं, नियम नव्हते, धोका काय आहे हेही कळलेलं नव्हतं, तरी घेतलं. सीटी स्कॅनचंही तेच, पहिला पेशंट १९७१ मधे आणि १९७९ मधे त्याला नोबेलसुद्धा. म्हणजे जे आत्तापर्यंत दिसत नव्हतं ते दिसायला लागलं, आणि ते बघण्यासाठी डॉक्टरला स्वतःला फारसं वेगळं काही करावं लागलं नाही, की डॉक्टर ती गोष्ट धावत जाऊन घेतात.

आता ह्याच्या उलटं उदाहरण बघा. लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मधे स्टेथोस्कोप काढला. त्याबद्दलचं त्याचं लिखाण इंग्रजीत आणणाऱ्या जॉन फोर्ब्स नावाच्या डॉक्टरने १८२१ मधे स्वतःच लिहून ठेवलंय की ही वस्तू मोलाची असली तरी सर्रास वापरात येईल असं मला वाटत नाही, कारण तिला वेळ फार लागतो, पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही त्रास होतो आणि ती आपल्या सवयींच्या विरुद्ध आहे. पुढे तीनच वर्षांत त्याने स्वतःच्या केसेसमधे तीच वस्तू वापरून त्या छापल्यासुद्धा. पण त्याची तक्रार परत वाचा. वेळ जातो, पेशंटला त्रास, कामाच्या पद्धतीत बसत नाही. आज ईएचआरबद्दल कुठल्याही डॉक्टरला विचारलंत तर ह्याच तीन गोष्टी तो सांगेल, तेव्हा हा आजकालच्या पिढीचा आळस वगैरे काही नाहीये.

लोक नवीन टेक्नॉलॉजी का घेतात किंवा घेत नाहीत ह्यावर भरपूर अभ्यास झालाय. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मॉडेल फ्रेड डेव्हिसने १९८९ मधे मांडलं. त्याचं म्हणणं सोपं आहे, माणूस दोन गोष्टी बघतो, एक म्हणजे ह्याचा मला माझ्या कामात उपयोग किती आणि दुसरं म्हणजे हे वापरायला सोपं किती, आणि ह्यात उपयोगाचं पारडं जड असतं. हाँगकाँगमधल्या चारशेहून जास्त डॉक्टरांवर टेलिमेडिसिनबद्दल (म्हणजे पेशंटला दुरूनच तपासण्याबद्दल) हेच मॉडेल लावून बघितलं (१९९९ चा अभ्यास) तर उपयोग वाटतो का ह्याचा परिणाम स्पष्ट दिसला, सोपेपणाचा मात्र म्हणावा तसा दिसलाच नाही. मला ह्यात नवल वाटत नाही. डॉक्टर अवघड गोष्टी शिकायला घाबरत नाहीत, त्यांचं अख्खं शिक्षणच अवघड गोष्टी शिकण्यात गेलेलं असतं, त्यामुळे "इंटरफेस रंगीत केलाय, आता वापरतील" हा हिशोबच चुकतो.

पण खरी मेख मला वाटतं डेव्हिसपेक्षा जोनाथन ग्रुडिन ह्या कॉम्प्युटर संशोधकाने पकडली. त्याने १९८८ मधे ऑफिसांतल्या ग्रुप सॉफ्टवेअरबद्दल, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या सॉफ्टवेअरबद्दल, लिहिलं होतं, हॉस्पिटलबद्दल नाही, पण ते इथे चपखल बसतं. तो म्हणतो अशी सॉफ्टवेअर बरेचदा फसतात कारण जास्तीचं काम एकाच्या गळ्यात पडतं आणि फायदा दुसऱ्यालाच होतो. आता हे ईएचआरला लावून बघा. डॉक्टर डायग्नोसिस फ्री टेक्स्टमधे न लिहिता ड्रॉपडाउनमधून कोड शोधून टाकतो, त्याचा फायदा बिलिंगला, इन्शुरन्सला, आकडेवारी गोळा करणाऱ्या सरकारी खात्याला, रिसर्च करणाऱ्याला, आणि हो, पुढे कधीतरी दुसऱ्या शहरात त्याच पेशंटला बघणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरलाही. हे सगळे फायदे खरे आहेत, मी ते नाकारत नाही. पण त्या क्षणी समोर पेशंट बसलाय, बाहेर रांग आहे आणि कोड शोधणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडलं, तर ओपीडी लांबली. ह्यावर तो चिडला तर त्याला बदलाचा विरोधक म्हणायचं का?

किती वेळ जातो ह्याचे आकडे आहेत. अमेरिकेत ५७ डॉक्टरांच्या मागे मागे फिरून कोण किती वेळ कशाला देतंय हे नोंदवलं गेलं, तो अभ्यास २०१६ मधे आला, त्यात पेशंटसमोरच्या प्रत्येक एका तासामागे जवळजवळ दोन तास ईएचआर आणि टेबलावरच्या कामात जात होते. पुढच्या वर्षी फॅमिली डॉक्टरांच्या कॉम्प्युटर लॉगवरून दुसरा अभ्यास झाला, त्यात ११.४ तासांच्या दिवसातले ५.९ तास ईएचआरमधे, आणि त्यातला जवळजवळ दीड तास ओपीडी संपल्यानंतरचा, म्हणजे घरी, जेवणं झाल्यावर. तिकडे ह्याला पजामा टाइम म्हणतात.

मात्र ह्यातला सगळा दोष सॉफ्टवेअरचा नाही, आणि इथेच बहुतेक चर्चा घसरते. २०१८ मधे काही संशोधकांनी दाखवलं की एकाच कंपनीचं ईएचआर वापरणाऱ्या हॉस्पिटलांतसुद्धा अमेरिकेतली एक नोट (डॉक्टरने पेशंटबद्दल लिहिलेली नोंद) बाकी देशांतल्या नोटच्या सरासरी जवळजवळ चौपट लांब असते. सॉफ्टवेअर तेच, आजार तेच, मग लांबी कुठून आली? बिलिंगच्या नियमांतून आणि कोर्टकचेरीच्या धास्तीतून. "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही" असा नियम असला की माणूस सगळंच लिहितो, आणि सगळं लिहायला वेळ नसला की कालची नोट कॉपी करून आज पेस्ट करतो. एका हॉस्पिटलच्या वीस हजारांहून जास्त नोट्स तपासल्या तेव्हा त्यातला फक्त १८ टक्के मजकूर हाताने टाइप केलेला निघाला, ४६ टक्के कॉपी केलेला आणि उरलेला सिस्टीमने आपोआप ओढून घेतलेला. आता रात्री ड्युटीवर आलेल्या डॉक्टरला ह्या नोटमधून आज काय बदललं ते शोधायचंय, आणि ते बहुतेक सातव्या परिच्छेदातल्या एका ओळीत आहे. कागदाच्या काळात अक्षर लागायचं नाही, आता अक्षर लागतं पण मुद्दा सापडत नाही.

अलर्टचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून तिथे जरा थांबते. कल्पना उत्तम आहे, डॉक्टर चुकला तर कॉम्प्युटर टोकणार. पण कॉम्प्युटर सरसकट टोकतो. पेशंट जे औषध दहा वर्षं घेतोय त्यावरही टोकतो, एकच औषध गोळी आणि इंजेक्शन दोन्ही रूपात लिहिलं तरी टोकतो, ज्या परस्परक्रियेचा प्रत्यक्षात काहीच परिणाम होत नाही तिच्यावरही टोकतो. २००६ मधे ह्या विषयावरचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा औषधांबद्दलचे ४९ ते ९६ टक्के अलर्ट डॉक्टर बाजूला सारतात असं निघालं. बाहेरच्याला हा बेफिकीरपणा वाटतो, पण दिवसभरात ज्याने असे असंख्य पॉपअप बघितलेत आणि त्यातले जवळजवळ सगळे बिनकामाचे निघालेत त्याचं बोट वाचायच्या आधीच ओकेवर जातं, ते तसं जाणारच.

२०१३ मधे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नावाजलेल्या विद्यापीठ हॉस्पिटलमधे जे झालं ते हॉस्पिटलने स्वतः जगासमोर येऊ दिलं, ह्याचं मला खरंच कौतुक वाटतं. सोळा वर्षांचा मुलगा, वजन ३८.६ किलो, एक साधं अँटिबायोटिक द्यायचं होतं. लहान मुलांना डोस वजनाच्या हिशोबाने देतात म्हणून सिस्टीमने आधी किलोमागे मिलिग्राम असं एकक धरलं होतं. तो डोस बाजारातल्या गोळीशी तंतोतंत जुळेना, म्हणून हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे फार्मासिस्टने डॉक्टरला कळवलं की १६० मिलिग्रामची एक गोळी असं परत लिहा. डॉक्टरने १६० टाइप केलं. एककाचा रकाना मात्र अजून किलोमागे मिलिग्रामच होता. सिस्टीमने गुणाकार केला आणि ऑर्डर झाली साडेअडतीस गोळ्यांची.

अलर्ट आला होता. डॉक्टरला आला, फार्मासिस्टलाही आला, दोघांनीही तो पुढे ढकलला कारण त्यांच्यापुढचे बाकीचे शेकडो अलर्टही असेच दिसायचे, साडेअडतीस पट डोसचा अलर्ट आणि किंचित जास्त डोसचा अलर्ट ह्यांत नजरेला काही फरकच नव्हता. पुढे औषधं पॅक करणाऱ्या रोबोने गोळ्या बिनचूक मोजल्या. नर्सला एवढ्या गोळ्या बघून शंका आली, पण बारकोड स्कॅन केला तर स्क्रीन म्हणाला बरोबर आहे. मुलाने गोळ्या घेतल्या, त्याला जोराचं फिट आलं आणि काही वेळ श्वास थांबला. सुदैवाने तो वाचला.

ह्या साखळीत एकही माणूस टेक्नॉलॉजीविरोधी नव्हता. उलट शेवटच्या टप्प्यावर तर सिस्टीमवरचा विश्वासच नडला. म्हणून डॉक्टरांचा दृष्टिकोन म्हणजे "बाजूने की विरोधात" असं मोजायला गेलं की हातातून काहीतरी निसटतं. थोडा संशय असलेला डॉक्टर कधीकधी पेशंटसाठी जास्त सुरक्षित असतो.

डॉक्टर उघड उठाव करतात तेव्हा काय होतं त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे लॉस एंजेलिसचं सीडर्स-सायनाय हॉस्पिटल. तिथे २००२ च्या शेवटी ऑर्डर एन्ट्री सुरू झाली आणि काही महिन्यांतच, २००३ च्या जानेवारीत, शेकडो डॉक्टरांनी इतका आवाज उठवला की करोडो डॉलर खर्चून बनवलेली सिस्टीम बंद ठेवावी लागली. बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट डॉक्टरांच्या हटवादीपणाचा नमुना म्हणून सांगतात.

पण त्याच्याच शेजारी पिट्सबर्गचं ठेवा. तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलमधे ऑर्डर एन्ट्री अगदी झपाट्याने सगळीकडे लागू केली. दुसऱ्या हॉस्पिटलमधून अत्यवस्थ अवस्थेत आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण आधी २.८० टक्के होतं ते नंतरच्या पाच महिन्यांत ६.५७ टक्के झालं, हे तिथल्याच डॉक्टरांनी २००५ मधे छापलं. कारणं वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती इतकी साधी आहेत. पूर्वी अँब्युलन्स रस्त्यात असतानाच डॉक्टर औषधं लिहून तयार ठेवायचे, नव्या सिस्टीममधे मूल दारात येऊन त्याची नोंदणी झाल्याशिवाय ऑर्डरच टाकता येईना. पूर्वी आयसीयूतलं औषध हाताशी असायचं, ते सगळं मध्यवर्ती फार्मसीत हलवलं. बेडशेजारी डॉक्टर आणि नर्स दोघं असायचे, आता एक माणूस कॉम्प्युटरला जुंपला गेला. सगळ्या मृत्यूंचं खापर सॉफ्टवेअरवर फोडता येणार नाही, त्या अभ्यासावर भरपूर टीकाही झाली. सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलने तेच सॉफ्टवेअर बसवलं तर तिथे मृत्यू वाढले नाहीत, कारण त्यांनी आयसीयूसाठी लागणारे ऑर्डर सेट (एकत्र लागणाऱ्या ऑर्डरच्या तयार याद्या) आधीच बनवून ठेवले होते. म्हणजे सॉफ्टवेअर एकच, फरक पडला तो तिथे काम कसं चालतं हे आधी विचारलं गेलं की नाही ह्याने. "कामाच्या ओघात बसत नाही" ही डॉक्टरांची तक्रार सोयीची तक्रार वाटते, पण आयसीयूत तिचा अर्थ फार वेगळा असतो.

दुसरी बाजूही तितक्याच जोराने सांगायला हवी. ऑर्डर एन्ट्रीमुळे बॉस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलमधे औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या (१९९८ मधे हे छापून आलं), आणि हा आकडा लहान नाही. न लागणारं अक्षर, हरवलेला केसपेपर, कोणालाच माहीत नसलेली ॲलर्जी, ह्यांनी माणसं मेलेली आहेत. कागदच बरा होता म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आणि डॉक्टरांच्या सगळ्याच भीती खऱ्या ठरतात असंही नाही. पेशंटला स्वतःची नोट वाचायला द्यायची म्हटल्यावर अमेरिकेत बऱ्याच डॉक्टरांच्या पोटात गोळा आला होता, पेशंट घाबरतील, फोन करकरून जीव खातील, शब्दाशब्दावर भांडतील असं वाटत होतं. २०१० मधे शंभरावर फॅमिली डॉक्टरांनी तीन ठिकाणी वर्षभर करून बघितलं. कामात फारशी वाढ झाली नाही, ९९ टक्के पेशंट म्हणाले हे चालू ठेवा, आणि वर्ष संपल्यावर बंद करायची मोकळीक असून एकाही डॉक्टरने बंद केलं नाही. ह्यात मला आवडतं ते असं की कोणी त्यांना भाषण देऊन पटवलं नाही. भीती आहे ना, मग वर्षभर करून बघा, नाही जमलं तर सोडा, एवढंच होतं.

हा मागे फिरायचा दरवाजा फार कमी ठिकाणी उघडा ठेवतात. सिस्टीम एकदा विकत घेतली की ती गळी उतरवायचीच असा खाक्या असतो, मग डॉक्टर तोंडावर हो म्हणतात आणि मागून पळवाटा काढतात. एकाच्या लॉगइनवर चौघं काम करतात, सक्तीच्या रकान्यात पूर्णविराम टाकून पुढे जातात, खरी माहिती खिशातल्या चिठ्ठीवर असते आणि सिस्टीममधे पाट्या टाकलेल्या असतात. व्यवस्थापनाला रिपोर्टमधे वापर शंभर टक्के दिसतो. उघड विरोध परवडला, हे नको, कारण ह्यात काय बिघडलंय ते कोणाला कळतच नाही.

वयाबद्दलही एक सांगते, म्हातारे डॉक्टर विरोध करतात आणि तरुण आनंदाने वापरतात हे वरवरचं निरीक्षण आहे. तरुण भराभर टाइप करतात हे खरं, पण कामाचा सगळ्यात मोठा ढीग रेसिडेंटच्याच, म्हणजे हॉस्पिटलमधे शिकत काम करणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरांच्याच, डोक्यावर असतो आणि सिस्टीमवर सगळ्यात जास्त करवादतातही तेच. वरिष्ठांची अडचण वेगळी असते, तीस वर्षं ज्या ओघात विचार केला, म्हणजे आधी ऐकायचं, मग तपासायचं, मग बोलायचं, तो ओघ टेम्प्लेट मोडतं, आणि पेशंटकडे बघत बोलायची सवय असलेल्या माणसाला स्क्रीनकडे बघत प्रश्न विचारायला लागणं हे मनापासून खटकतं. पेशंटलाही ते खटकतं, फक्त तो बोलत नाही.

मग कुठे जमतं? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांची व्हिस्टा नावाची सिस्टीम १९७० च्या दशकाच्या शेवटापासून हळूहळू वाढली, प्रोग्रामर आणि डॉक्टर शेजारी बसून ती बनवत होते. दिसायला अगदी जुनाट, तरी डॉक्टरांच्या पसंतीत ती पुढे महागड्या सिस्टीमच्या तोडीस तोड ठरली. हवाईमधल्या एका हॉस्पिटल समूहाने २०१७ मधे सगळ्या स्टाफला सरळ विचारलं, सिस्टीममधलं तुमच्या मते मूर्खपणाचं जे काही आहे ते आम्हाला कळवा. बऱ्याच सूचना आल्या. नर्सला दर तासाच्या फेरीनंतर एक क्लिक करावं लागायचं, एका क्लिकला २४ सेकंद. ते काढून टाकलं तर चार हॉस्पिटलांत मिळून महिन्याला सुमारे १७०० तास वाचले. कुठलंही नवीन तंत्रज्ञान आणावं लागलं नाही, होतं त्यातलंच एक काढलं.

आता एआयच्या बाबतीत हेच सगळं पुन्हा चाललंय, फक्त वेग जास्त आहे. सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शन अंगभर पसरून जिवावर बेततं ती अवस्था, आधीच ओळखणारं एक मॉडेल शेकडो हॉस्पिटलांत चालू होतं. मिशिगनमधे ते बनवणाऱ्या कंपनीबाहेरच्या संशोधकांनी तपासलं, २०२१ मधे निकाल आला. सेप्सिसच्या ६७ टक्के पेशंटना ते ओळखू शकलं नव्हतं आणि तरीही ॲडमिट असलेल्या १८ टक्के लोकांवर अलर्ट देत होतं. ज्या डॉक्टरांनी त्या अलर्टकडे काणाडोळा केला असेल त्यांना मागास म्हणायची घाई करू नका.

ह्याउलट डॉक्टर आणि पेशंटचं बोलणं ऐकून नोट आपोआप लिहिणारे एआय स्क्राइब आले, तर हेच डॉक्टर स्वतःहून मागणी करतायत. ग्रुडिनचा हिशोब इथे उलटा झालाय, मेहनत मशीनची आणि फायदा डॉक्टरचा, वर पेशंटकडे बघून बोलता येतं. तरी दोन गोष्टींवर लक्ष ठेवावंच लागेल. हे स्क्राइब कधीकधी न बोललेलं वाक्यही बेमालूम घुसडतात, आणि सही डॉक्टरची असते, तेव्हा प्रत्येक नोट वाचून बघायचं काम उरतंच आणि थकलेला माणूस ते किती दिवस नीट करेल हा प्रश्न आहे. आणि दुसरं म्हणजे वाचलेल्या वेळाचं काय करायचं ते ठरवणार कोण. तो वेळ समोरच्या पेशंटला आणि डॉक्टरच्या घरच्यांना मिळाला तर हे तंत्रज्ञान टिकेल, आणि त्या जागी ओपीडीत आणखी पेशंट घातले तर काही महिन्यांत ह्याच स्क्राइबबद्दलही तक्रारी सुरू होतील आणि पुन्हा कोणीतरी म्हणेल की डॉक्टरांना बदल नकोच असतो.